कोबीवरचा दगड

साठ लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप बाहेरून बघून आत कोबी आहे हे कुणालाही कळत नाही. हे मी पादोव्हा शहरात, तिसऱ्या मजल्यावर शिकलो.

*

"सदर वस्तूमुळे इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा बाधित होत असून" असं जिन्यातल्या काचेच्या पेटीत लावलं होतं. सदर वस्तू म्हणजे पिंप. काही रहिवाशांच्या मते, मी.

*

माझी बायको लुमिनित्सा रोज फरशी पुसताना बाबांच्या पलंगाखालची पिशवी पायाने सरकवू बघायची. पिशवी सरकायची नाही.

*

नदी सरकारची असते. दगडांसकट.

*

मीठ खडं हवं, आयोडिनचं नको. आमच्या लोकांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत आहे. बाकी कशावरही नाही.

*

बाबा दर रविवारी गावी परत जात होते.

*

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा घोळ त्याच्यावर रचलेला आहे.

माझे वडील नेकुलाय, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. रोमानियात वास्लुईजवळ आमचं गाव आहे, तिथून ते आमच्याकडे आले ते तीन आठवड्यांसाठी, डोळे दाखवायला. निदान आम्हाला तसं सांगून. आई गेल्यापासून त्या घरात ते एकटेच. मागच्या हिवाळ्यात अंगणात बर्फावरून घसरले आणि तासभर तिथेच पडून राहिले. तो पेन्शन वाटायचा दिवस होता म्हणून पोस्टमनबाई आली, आणि सापडले. दुसऱ्या दिवशी आली असती तर काय, हे आम्ही घरात बोलत नाही. लुमिनित्सा आणि मी ठरवलं की या हिवाळ्यात काहीही करून त्यांना इथे ठेवून घ्यायचं. त्यांना तसं सांगायचं नाही, कारण सांगितलं की ते नेमकं उलट करतात. तो गुण माझ्यातही उतरला आहे असं लुमिनित्सा म्हणते. मी ते मान्य करत नाही.

डोळ्यांचं काम दुसऱ्या आठवड्यात उरकलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाबा कोट चढवायचे, टोपी घालायचे, पलंगाखालची पिशवी ओढून काढायचे आणि म्हणायचे, "निघतो आता." मैदानामागच्या वाहनतळावरून रविवारी बाराला सान्दूची पांढरी गाडी गावाकडे सुटते. आमची सगळी माणसं तिथे जमतात. कुणी पार्सल द्यायला, कुणी घ्यायला, आणि बरेचसे नुसते उभे राहायला. मी दर रविवारी त्यांना तिथे घेऊन जायचो आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. खिडकीची जागा नाही. आभाळ भरून आलंय. सान्दू वळणावर फार पळवतो. बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही परत. पण बाराला पाच कमी असताना माझ्या छातीत जे व्हायचं, ते या वयात बरं नाही.

आणि ते जेवत नव्हते. पास्ताच्या ताटलीकडे असे बघायचे जशी कुणा परक्याची बॅग रस्त्यात उघडी पडली आहे. दोन घास, मग हात मांडीवर. कोट खांद्यावरून सैल पडायला लागला. शेवटी ऑक्टोबरात एका दुपारी ते आपणहून म्हणाले, "सार्माले असते तर खाल्ले असते."

सार्माले म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा आणि तांदूळ गुंडाळून मंद शिजवलेल्या मुटकुळ्या. लग्न असो, बारसं असो, दिवस असोत, आमच्यात त्यांच्याशिवाय पंगत उठत नाही. बाबांनी महिन्याभरात मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी तिथल्या तिथे आखणी केली. कोबी आंबायला सहा आठवडे. तोवर म्हातारा हलत नाही. मग नाताळ. नाताळानंतर बर्फ, आणि बर्फात कोण जातंय. मी भूमापनाचा पदविकाधारक आहे. सध्या गोदामात फ्रीजचे दरवाजे मोजतो हा भाग वेगळा, पण आखणी ती आखणी.

आखणीत फक्त कोबी धरायचा राहिला होता.

पहिल्यांदा मी आमच्या लोकांच्या दुकानातून तयार आंबवलेला कोबी आणला, हवाबंद पाकिटातला. बाबांनी पाकीट हुंगलं. "हा आंबलेला नाही," ते म्हणाले. "याला व्हिनेगरमध्ये बुडवून मारलाय." मग सान्दूला विचारलं, गावाहून एक बरणी आणशील का. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी असंच कुणाचं तरी खारं पाणी कुणाच्या तरी लग्नाच्या पोशाखावर सांडलं, नवरीने कोबीच्या वासात शपथा घेतल्या, तेव्हापासून फक्त सुका माल आणि माणसं.

तेव्हा घरीच घालायचा. इथे आग्लायाकाकू येतात. त्या समोरच्या इमारतीत एका इटालियन म्हातारीची देखभाल करतात आणि उरलेल्या वेळात आमच्या सगळ्यांची. काकूंनी बाल्कनीत उभं राहून सांगितलं की इथला सुरकुतलेला कोबी नको, तो भिजलेल्या कागदासारखा फाटतो. गड्डा चपटा हवा, पान पातळ हवं, शीर जाड नको. पौर्णिमेला घालू नकोस, लिबलिबीत होईल. शेपूच्या वाळक्या काड्या घाल, एक मक्याचं कणीस घाल, आणि भांडलेल्या दिवशी हात लावू नकोस. या शेवटच्या अटीमुळे आमचे नऊ दिवस गेले.

(मिठाविषयी. घाई असलेल्यांनी हा परिच्छेद गाळावा. सुपरमार्केटातलं सगळं खडं मीठ मी पाकिटं उलटी करून वाचलं. अर्ध्यात आयोडिन. बिनआयोडिनचं, शुद्ध, टपोऱ्या खड्यांचं जे मिळालं ते घेऊन मी विजयी मुद्रेने घरी आलो. लुमिनित्साने पाकीट सरळ केलं. त्याच्यावर भांडी धुण्याच्या यंत्राचं चित्र होतं. ते मीठ अजून घरात आहे. भांडी धुण्याचं यंत्र नाही.)

तीन नोव्हेंबरला पिंप भरलं. शेतकऱ्याने सुटे गड्डे द्यायला नकार दिल्यामुळे बारा घ्यावे लागले. प्रत्येकाच्या बुंध्यात फुलीची चीर, चिरेत मूठभर मीठ, मग थर, काड्या, खारं पाणी. बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. एकदाही उठले नाहीत, एकदाही बोलले नाहीत. पिंप भरल्यावर मात्र म्हणाले, "आणि दगड?"

कोबी पाण्यावर तरंगतो. तरंगला की वरून काळा पडतो, म्हणून त्याच्यावर दगड ठेवायचा. हे आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. गावी दगड हा विकत आणायचा किंवा शोधायचा पदार्थच नव्हता, तो पिंपावर असायचाच. आईचा होता, तिच्याआधी आजीचा होता. दगडाची आखणी कोण करतं?

वीट नको, बाबा म्हणाले, वीट विरघळते. मी कबरींचे दगड घडवणाऱ्या कारागिराकडून संगमरवराचा एक टाकाऊ तुकडा आणला. गुळगुळीत, जड, देखणा. बाबांनी नवा चष्मा लावून त्याची मागची बाजू वाचली. मागे तीन अक्षरं कोरलेली होती.

"हा कोण?"

"कुणी नाही, बाबा. नाव चुकलं म्हणून टाकून दिलेला तुकडा आहे."

"म्हणजे याचा माणूस अजून दगडाची वाट बघतोय." त्यांनी तुकडा माझ्याकडे सरकवला. "परत देऊन ये."

मग मी ब्रेंता नदीवर गेलो. तिथे दगड म्हणाल तर नजर पोचेल तिथवर. एक चांगला गोल बघून काखेत घेतला तोच नदीरक्षक सायकलवरून उतरला. त्याने अतिशय सौजन्याने तो मला जागेवर ठेवायला लावला. जिथून उचलला नेमका तिथेच, अशी त्याची इच्छा होती. परवानगी कचेरीत मिळेल म्हणाला. दुसरा कुणी असता तर सटकला असता. मी कचेरीत गेलो, कारण परक्या देशात माणसाने कागदाला धरून असावं असं माझं मत आहे. या मताची किंमत मी बरीच मोजली आहे.

कारकुनाने विचारलं, "किती घनमीटर?"

"एक."

"एक घनमीटर."

"एक दगड."

त्याने खिडकीतून माझ्याकडे नीट पाहिलं. एका दगडाचा अर्ज नसतो, असं त्याने समजावलं, किमान पाच घनमीटरचा असतो. पण मनाने चांगला होता, म्हणून अर्ज भरून बघू म्हणाला. "वापर? बांधकाम की शोभा?"

"कोबी."

त्याने यादी वरून खाली वाचली आणि "शेती"वर खूण केली. शेतीसाठी शेतजमिनीचा उतारा जोडावा लागतो. मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचं मोजमाप माझ्या पदविकेच्या आधारे काढून देऊ केलं. त्यावर त्याने खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती असं तो म्हणाला, साडेदहा वाजता.

दगड मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून मी जाड पिशवीत पाणी भरून, गाठ मारून, ती कोबीवर ठेवली. ही युक्ती माझी स्वतःची. तिचं श्रेय दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून नोंदवून ठेवतो.

आता फुंकण्याविषयी. पहिले दोन-तीन आठवडे पिंपातलं पाणी रोज हलवावं लागतं, नाहीतर मीठ तळाशी आणि बुरशी वर. त्यासाठी तळापर्यंत रबरी नळी सोडायची आणि फुंकायचं. कामावर जाण्याआधी, सकाळी साडेसहाला, मी बाल्कनीत बनियनवर उभा राहून निळ्या पिंपात फुंकत असे आणि पिंप खोल आवाजात उत्तर देत असे. खालच्या मजल्यावर निवृत्त औषधविक्रेत्या झानेल्लाबाई राहतात. त्यांनी पहिल्या दिवशी वर बघितलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी इमारतीचे व्यवस्थापक ब्रेस्सानसाहेब यांना कळवलं की वरचा परदेशी माणूस रसायनं तयार करतो आहे आणि बहुधा हुंगतोही.

चौथ्या दिवशी पाण्याची पिशवी फुटली. पिंप भरून वाहिलं. झानेल्लाबाईंच्या सहा पांढऱ्या चादरी बाहेर वाळत होत्या.

*

सभेचा वृत्तांत. (अधिकृत वृत्तांत जिन्यात लावला आहे. तो निराळा आहे.)

हजर: अकरा कुटुंबं. एरवी छत गळतं तेव्हा चार येतात.

ब्रेस्सानसाहेबांनी विषय वाचला, "तिसऱ्या मजल्यावरील पिंप". मी उभा राहून सांगितलं की पिंपात कोबी आहे. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, तेच तर म्हणतोय, रसायन असतं तर वास तरी कमी आला असता. एका बाईंनी विचारलं, आमच्यात कोबी दुकानात मिळत नाही का. मी माझ्या पदविकेचा उल्लेख केला. तो वृत्तांतात आलेला नाही.

मग झानेल्लाबाई उठल्या. त्यांच्या आजोळी, त्रिएस्तेकडे, आजी असाच कोबी घालायची, हा वास त्यांनी चादरींवरून ओळखला होता, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं सुटलो. त्या पुढे म्हणाल्या की आजी तो तळघरात ठेवायची, लोकांच्या डोक्यावर नाही. आणि आजीचा कोबी वाहत नसे. आणि मीठ जास्त झालंय. त्यांनी माझ्याविरुद्ध मत दिलं.

ठराव: पिंप सात दिवसांच्या आत सायकलींच्या तळघरात हलवावं. विरोधात एक मत. माझं.

*

पन्नास किलोचं पिंप तीन मजले खाली कसं गेलं ते सांगत नाही. सान्दू मदतीला आला होता आणि तो अजून गाडीत सगळ्यांना सांगतो. मी खचलो होतो ते वेगळ्याच कारणाने. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि मी सभेहून परतल्यावर बाबा म्हणाले होते, "माझ्यापायी तुला लोक बोलतात. या रविवारी जातोच." या वेळी त्यांनी "जातोच" म्हटलं. आजवर "निघतो" म्हणत होते. सान्दूने पिंप उतरवताना हेही सांगून टाकलं की उद्या खिडकीची जागा रिकामी आहे.

रविवारी सकाळी मी तळघरात गेलो आणि फुंकायला लागलो. फुंकण्यात काही अर्थ उरला नव्हता. म्हातारा बाराला जाणार होता, मग हा बारा गड्ड्यांचा कोबी कोण खाणार? लुमिनित्साला तो आवडत नाही. मी हे कुठे बोललो नव्हतो, इथे पहिल्यांदाच बोलतोय. मागे जिन्यात पावलं वाजली. बाबा कोट-टोपी घालून, हात मागे बांधून उभे होते.

"काय करतोयस?"

"फुंकतोय."

"मेणबत्ती विझवतोयस. सरक."

त्यांनी टोपी काढून एका लाल सायकलच्या सीटवर ठेवली. नळी पिंपाच्या कडेकडेने तळाला लावली, डोळे मिटले आणि फुंकले. एकदाच, पण लांब. पिंपाच्या पोटातून बुडबुडे असे वर आले की बारा गड्डे जागचे हलले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या छातीत एवढी हवा असते हे मला माहीत नव्हतं. गड्डे सगळे वर तरंगत होते, काठ काळे पडायला लागले होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि एक काळा काठ नखाने खरवडला.

"तीन आठवडे लागतील याला वळणावर आणायला," ते म्हणाले. "तुझ्या हाती देऊन गेलो तर पाप लागेल."

सान्दूची गाडी बाराला गेली. आम्ही वाहनतळावर गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येऊन तळघरात उतरलो तर कोबी पाण्याखाली. वर दगड. करडा, लांबट, मधून एक पांढरी रेघ. आईच्या पिंपावर असाच असायचा, पण दगड काय, दगडासारखेच दिसतात. मी वर जाऊन विचारलं, बाबा, दगड कुठून आणलात.

"होता," ते म्हणाले आणि सूप प्यायला लागले.

मी हबकलो. ब्रेंता आमच्यापासून दोन बसच्या अंतरावर. म्हणजे म्हातारा बसने गेला, सरकारी दगड उचलला, आणि बसने परत आला. परवानगी मागणारा मी, माझं नाव कचेरीत, वापर "शेती" अशी खूण. पुढचे तीन आठवडे ब्रेस्सानसाहेब तळघरात सायकल घ्यायला आले की मी त्या दगडावर टॉवेल टाकायचो. ते बघायचे, काही बोलायचे नाहीत. पिंपाला थंडी वाजते असं त्यांना वाटलं असावं. इमारतीत आता माझ्याबद्दल कुणाला काहीच नवल वाटत नव्हतं.

बाबा रोज सकाळी खाली जायचे. झानेल्लाबाईही कशाला ना कशाला खाली यायच्या. बाबांना इटालियन येत नाही, त्यांना रोमानियन येत नाही. तरी त्यांचं मिठावरून रोज भांडण व्हायचं, ते मला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. लुमिनित्सा म्हणाली, फरशी पुसताना आता पिशवी सरकते. मी म्हटलं, म्हातारा जेवायला लागला तशी ती बिचारी वाळली असेल. माझ्या विनोदांना घरात दाद नाही.

नाताळाला सार्माले झाले. मीठ जास्त होतं. पानं रात्रभर भिजवावी लागली आणि झानेल्लाबाईंना हे कळवावं लागलं. पान मात्र पातळ, पिवळसर, बोटाभोवती गुंडाळलं तर फाटत नव्हतं. बाबांनी सहा खाल्ले. सातवा घेताना म्हणाले, "तुझी आई तांदूळ कमी घालायची," आणि ताटली पुढे केली. एक ताटली खाली गेली. ती धुऊन परत आली, तीत कागदाची घडी होती आणि वर लिहिलं होतं, चरबी जास्त.

नाताळानंतरच्या रविवारी बाबांनी कोट चढवला, टोपी घातली आणि दाराशी उभे राहिले. माझी छाती सवयीने धडधडली. मी पलंगाखाली वाकलो.

"पिशवी कशाला?" ते म्हणाले. "सान्दूकडे घराची किल्ली द्यायचीय. पोस्टमनबाईला. मांजराला बघेल ती."

सप्टेंबरच्या बावीस तारखेला, बाबा गावाहून आले त्या दुपारी, सान्दूने त्यांची पिशवी गाडीतून दोन्ही हातांनी उतरवली आणि विचारलं, "नेकुलायकाका, दगड भरलेत की काय हिच्यात?" आणि बाबा म्हणाले, "एकच."